शिवणवर्गाची भिंत

वस्तीतली शिल्पं आणि रंगवलेल्या भिंती दाखवणारी फेरी दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेआठला वाचनालयाच्या पायऱ्यांपासून निघत असे. फेरी काढणारे गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. गळ्यात छोटा ध्वनिक्षेपक, हातात मोडक्या छत्रीची दांडी, आणि आवाज असा खणखणीत की ध्वनिक्षेपक नुसता शोभेला होता.

त्या रविवारी अकरा माणसं जमली. त्यांत बारकी होती आणि तिची मावशी होती. बारकी बेचाळीस वर्षांची आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा चार बोटं उंच. पण लहानपणी चिकटलेलं नाव आईने शेवटपर्यंत सोडलं नाही, आणि आता त्या नावाने हाक मारायला मावशी तेवढी उरली होती. बारकी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका हुडकून समासात खुणा करायच्या, यावर तिचं वीस वर्षं पोट चाललं होतं.

आज तिच्या पिशवीत एकच कागद होता आणि त्यावर मोजून सहा ओळी. तीन आठवडे तो तिच्याकडे पडून होता.

फेरीतला शेवटून दुसरा थांबा म्हणजे जुन्या शिवणवर्गाची भिंत. त्या भिंतीवरचं तुटक्या टाइलांचं मोठं चित्र तिथे शिवण शिकवणाऱ्या बारकीच्या आईने बत्तीस वर्षांपूर्वी केलं होतं. आई चार महिन्यांपूर्वी गेली. भिंतीखाली तिच्या नावाची पितळी पाटी हवी, हे मास्तरांनी मनावर घेतलं. मजकूर त्यांनीच लिहिला, कचेरीत खेटे घालून मंजूर करून आणला आणि ‘घरच्यांनी एकदा नजरेखालून घालावा’ अशी चिठ्ठी लावून बारकीकडे पाठवला. पाटी कोरणारा सोमवारी काम हाती घेणार होता. म्हणजे उद्या.

पहिल्या पाच ओळी ठीक होत्या. सहावी अशी होती: ‘चित्रातील स्त्रीच्या डाव्या हाती सुई देऊन कलावतीने जाणीवपूर्वक रूढ चौकट मोडली आहे.’

त्या ओळीसमोर बारकीने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि तिथेच तिचा हात अडला होता. ओळ खोटी होती. चित्रात सगळंच उलटं झालं होतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, आणि ते चुकून झालं होतं, हे शिवणवर्गातल्या जुन्या बायकांना ठाऊक होतं. चूक आईची, असं त्या समजत होत्या. ती कोणाची होती, हे फक्त बारकीला ठाऊक होतं.

“कसला विचार करतेस एवढा?” मावशी म्हणाली. सुनेचे बूट घालून आली होती, ते चावत होते. “चल. तुझ्या आईची भिंत बघायला मला हा सबंध गाव हिंडवणार आहेत म्हणे. माझ्या घरापासून चार पावलांवर आहे ती.”

पहिला थांबा सायकलच्या साखळ्यांचा घोडा. मास्तर त्याच्या आयाळीबद्दल बोलत राहिले, तोवर मागून कोणीतरी घसा खाकरला. “मास्तर, घोड्यापाशी चार मिनिटं म्हणाला होतात. अकरा झाली.”

हे घड्याळवाले काका. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, दुकान बंद करून दोन वर्षं झाली, पण डोळ्याला लावायचं भिंग अजून खिशातच असायचं. घोड्याच्या पोटातली एक साखळी ते भिंगातून बघून आले होते.

“काका, कला आहे ही,” मास्तर म्हणाले. “तिला वेळेत कसं बांधणार?”

“बांधू नका. निदान चावी तरी द्या.”

दुसरा थांबा दगडी बाक होता, उघड्या पुस्तकाच्या आकाराचा. ते शिल्प असल्यामुळे वर्षानुवर्षं त्यावर कोणी बसलं नव्हतं. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि मावशी डाव्या पानावर बसून बूट काढायला लागली.

“आजी, ते शिल्प आहे.”

“मग? माझ्या वजनाने मिटणार आहे का?”

हशा झाला. बारकीही हसली, आणि हसता हसता तिच्या मनात आलं, हे आईला सांगायला हवं. चार महिन्यांत अशी गफलत दिवसातून दोनदा तरी व्हायची. तिने मावशीचा बूट सैल करून दिला.

पुढे भुयारी रस्ता होता. तिथल्या भिंतींवर वस्तीतल्या माणसांनी रंगात बुडवून हाताचे ठसे उमटवले होते. मास्तर ठशांबद्दल सांगत होते आणि बारकीला शिवणवर्गाची लांब खोली दिसत होती.

टाइलांचं चित्र भिंतीवर चढून तुकडा तुकडा चिकटवत बसायचं नाही, अशी आईची पद्धत होती. एका गवंड्याकडून ती शिकली होती. आधी चित्र मोठ्या कागदावर काढायचं. मग ते खिडकीच्या काचेवर पालथं धरायचं, उजेडात मागून रेषा दिसतात, त्या खाकी कागदावर उतरवायच्या. म्हणजे खाकी कागदावर चित्र उलटं येतं. त्या कागदावर टाइलांचे तुकडे पिठाच्या खळीने चिकटवायचे, चकचकीत बाजू खाली. सगळं झालं की कागदाचा तक्ता उचलून ओल्या सिमेंटवर दाबायचा, वरून पाणी मारायचं, कागद सोलून काढायचा. आणि मग उलट्याचं सुलट होऊन चित्र भिंतीवर उभं राहतं.

आईने नऊ मोठे कागद काढले होते. उतरवून घ्यायच्या वेळी तिच्यामागे शिवणवर्गाच्या परीक्षा लागल्या. दहा वर्षांची बारकी म्हणाली, मी करते. आईने तिला स्टुलावर उभं केलं, पेन्सिल दिली आणि सांगितलं, “पालथा धर हं. चित्राचं तोंड काचेकडे. विसरायचं नाही.” बारकी विसरली नव्हती. तिने पहिला कागद पालथा धरूनही पाहिला. पण मागून रेषा पुसट दिसत होत्या, आणि तिला काम सुरेख करायचं होतं. म्हणून तिने कागद सरळ धरला. नऊच्या नऊ. रेषा अशा स्वच्छ आल्या की आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग अठरा जणींनी सात आठवडे तुकडे चिकटवले. टाइल कारखान्यातला टाकाऊ माल होता, न्हाणीघराचा निळा, दवाखान्याचा पांढरा. भिंतीवरून कागद सोलला, ओलं फडकं फिरवलं, आणि पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या बारकीने पाहिलं की बाईच्या डाव्या हातात सुई आहे. तिने आधी आपला उजवा हात पाहिला, मग डावा. आईने वळून तिच्याकडे पाहिलं. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, “पाय दुखतात का गं तुझे?” आणि दहा वर्षांच्या घोडीला तिने कडेवर घेतलं.

पुढच्या आठवड्यात बायकांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “माझंच चुकलं. घाईत पालथं धरायचं राहिलं.” बारकी कपाटाआड शिवणाच्या चिंध्या वेचत होती. तिने चिंध्या वेचल्या. नंतर कळतं झाल्यावर बोलायची लाज वाटली, त्यानंतर इतकी वर्षं उलटून गेली की बोलणं हास्यास्पद वाटलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने “आई, ती भिंत…” एवढं म्हटलं होतं, तर नर्स सलाईन बदलायला आली, आणि मग विषय राहिलाच. आईने दुसरी भिंत कधी केली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, एक पुरे.

“बारके, कुठे हरवलीस?” मावशीने कोपर मारलं. “आलं आपलं.”

शिवणवर्ग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आता तिथे पार्सलवाल्यांचं गोदाम होतं. भिंतीला खेटून उभी केलेली गाडी मास्तरांनी आधीच बाजूला काढून घेतली होती. बारकी या रस्त्याने येणं टाळायची, यावं लागलं तर समोरच्या बाजूने, मान खाली घालून. समोर उभं राहून तिने भिंत नीट पाहिली नव्हती, किती वर्षांत, हे तिला आठवेना.

चित्र अजून चांगलं होतं. एक खोली, मधोमध बसलेली बाई, एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा, सुईचं नेढं बघायला बारीक केलेले डोळे. शेजारी शिवणाचं मशीन. खुंटीवर पुरुषाचा सदरा. मागच्या भिंतीवर एक गोल घड्याळ. खालच्या कडेचे काही तुकडे गाड्यांच्या धक्क्याने उडाले होते.

“आता सांगा,” मास्तर म्हणाले, “सुई कुठल्या हातात?”

“डाव्या,” तीनचार जण म्हणाले.

“डाव्या! आणि हा योगायोग नाही. ज्या समाजात उजवा हात तेवढा मानाचा, तिथे ही कलावती म्हणते—”

“मशीनचं चाक पण डावीकडे आहे,” मावशी मोठ्याने पुटपुटली. “ते कोणाला काय म्हणतंय?”

मास्तर थबकले. “म्हणजे?”

“अहो, चाक नेहमी उजवीकडे असतं. जगात कुठलंही मशीन बघा. आणि तो सदरा बघा, पुरुषाचा आहे ना? बटणं बाईमाणसाच्या बाजूला आहेत. आम्ही अठरा जणी शिवणकामवाल्या, आणि असला सदरा टांगला. वर्षभर लोकांनी हसून घेतलं. मी तर माझ्या बहिणीला डावखुरीच म्हणायचे. ‘काय डावखुरे, कशी आहेस?’ शेवटपर्यंत.” मावशीने नाक ओढलं. “ती हसायची.”

मास्तरांचा चेहरा पडला, पण माणूस सभ्य होता. त्यांनी ध्वनिक्षेपक बंद केला. “आज कलावतीची मुलगी आपल्यात आहे,” ते बारकीकडे बघत म्हणाले. “ताई, तुम्हीच सांगा. मी वाहवलो असेन तर उद्या पाटी कोरायच्या आत सांगा.”

दहा माणसं तिच्याकडे वळली. बारकीने पिशवीतून कागद काढला. गप्प राहिली असती तर पितळेवर आईचा विजय कोरला गेला असता. डावखुरी म्हणून हसणाऱ्यांची तोंडं कायमची बंद. एक प्रश्नचिन्ह खोडलं की झालं. आयुष्यभर तिने किती लेखकांना सांगितलं होतं, वाक्य सुंदर आहे, पण खरं नाही, तेवढं काढा.

“सहावी ओळ काढावी लागेल,” ती म्हणाली. “आईने मुद्दाम नाही केलेलं. आणि मावशी, तिचं चुकलंही नव्हतं. कागद मी उतरवले होते. पालथे धरायला सांगितलं होतं तिने. मी सरळ धरले, रेषा छान याव्यात म्हणून. सगळं चित्र त्यामुळे उलटं झालं. तिने स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं.”

गोदामातून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. मावशी तिच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग येतोय की रडू, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

“एक मिनिट,” घड्याळवाले म्हणाले.

“काका, आता वेळेचं नको,” मास्तर हलक्या आवाजात म्हणाले.

“वेळेचंच आहे.” ते भिंतीच्या अगदी जवळ गेले आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. मग दोन पावलं मागे आले. “ताई, सगळं चित्र उलटं झालं म्हणता?”

“हो.”

“मग घड्याळ सरळ कसं?”

बारकीने वर पाहिलं.

“बारा वर, सहा खाली, ते दोन्हीकडून सारखंच. पण तीन उजवीकडे आहे. तीनचा आकडा धड आहे, नऊचा धड आहे. काटे चार वाजून दहा मिनिटं दाखवतायत. बाकीच्यासारखं हे उलटं झालं असतं, तर तीन डावीकडे गेला असता, आकडे आरशातल्यासारखे दिसले असते, आणि वाजले असते आठाला दहा कमी. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आरशात बघून घड्याळ लावायचं, त्याची रोजची भानगड ही.” ते जरा थांबले. “असलं उलटं घड्याळ मी तीस वर्षं खपवून घेतलं नसतं. रोज इथूनच जायचो दुकानात.”

बारकीला तिचा कागद आठवला. सहावा. घड्याळ तिनेच उतरवलं होतं, पेल्याची कड धरून मधली टिकली काढली होती. सरळ धरून, बाकीच्या आठांसारखंच. मग ते भिंतीवर सरळ येणं शक्यच नव्हतं.

“मावशी,” ती म्हणाली, “घड्याळ कोणी केलं?”

“घड्याळ?” मावशीने कपाळाला आठ्या घातल्या. “मी आणि वर्गातली ती जाडी. पांढरे तुकडे मी कापले, बोट कापून घेतलं होतं… नाही, थांब. आमचं ते गेलं. भिजलं.”

“भिजलं म्हणजे?”

“अगं, भिंतीवर चढवायच्या दोन दिवस आधी. सगळे तक्ते खाली जमिनीवर जुळवून मांडले होते. आम्ही आपल्या खूश, काय सुंदर दिसतंय, अगदी काढलं होतं तस्सं. तुझी आई बराच वेळ उभी राहिली बघत. मग म्हणाली, घड्याळावर माझ्या हातून पाणी सांडलंय, खळ सुटली, मी नवीन करते, तुम्ही जा. मी म्हटलं, थांबते मदतीला. तर म्हणाली, तुझी पोरं वाट बघत असतील, जा तू.” मावशीचा आवाज बारीक होत गेला. “सकाळी आलो तर झालं होतं. तेवढा गोल कापून काढून नवा बसवला होता.”

काढलं होतं तसं. जमिनीवर, कागदावर, ते काढलं होतं तसं दिसायला नको होतं, उलटं दिसायला हवं होतं. अठरा जणींना ते कळलं नाही. आईला बघताक्षणी कळलं असणार. आणि कळूनही बदलता येण्यासारखं एवढंच होतं. गोल कुठूनही कापा, त्याच्या जागी दुसरा गोल बसतो. बाई, मशीन, सदरा यांना हात लावायचा तर सात आठवडे पुन्हा, अठरा जणींचे, आणि आधी सांगावं लागलं असतं का ते. उलट्या सुईला हसतील ते शिवणकामवाले. उलट्या आकड्यांना वस्तीतलं शेंबडं पोरही हसलं असतं, आणि मग कोणीतरी विचारलंच असतं, कागद उतरवले कोणी?

म्हणजे तक्ते भिंतीवर चढायच्या आधी दोन दिवस तिला माहीत होतं. पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीकडे तिने वळून पाहिलं, ते काय झालं हे शोधायला नाही. मुलीला कळलं का, ते बघायला. कळलंय, हे तिला दिसलं असणार. म्हणून कडेवर घेतलं. मग बोलली का नाही? दहाव्या वर्षी नाही, पण विसाव्या, तिसाव्या? बारकीला एक क्षण आईचा मनापासून राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. दोघी एकाच घरात एकच गोष्ट लपवत बसलो, आणि एकमेकींना चहा विचारत राहिलो.

“तर मग,” मास्तर चाचरत म्हणाले, “‘जाणीवपूर्वक’ हा शब्द अगदीच चुकीचा नाही म्हणायचा.”

“जागा चुकली त्याची,” बारकी म्हणाली. तिने कागद भिंतीवर टेकवला, सहावी ओळ एका रेघेत काढून टाकली आणि खाली लिहिलं. हे काम तिला येत होतं. कागद तिने मास्तरांना दिला.

मास्तरांनी वाचलं: ‘रेखाटन उतरवताना मुलीच्या हातून चित्र उलटे झाले. घड्याळ आईने सरळ केले.’

“ताई, पितळेवर चूक कोरायची?”

“हो.”

“कचेरीत काय सांगू? मंजुरी वेगळ्या मजकुराला आहे.”

“मुद्रितशोधकाने दुरुस्ती केली म्हणा. छापायच्या आदल्या दिवशी आम्ही असंच करतो, सगळे शिव्या देतात.”

घड्याळवाल्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि बाही खाली ओढून घेतली. मास्तरांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि माणसांना घेऊन शेवटच्या थांब्याकडे निघाले. तिथे कारंज्यातला दगडी मासा होता.

बारकी मागे राहिली. घड्याळ तिच्या डोक्याच्या जरा वर होतं, हात पुरत होता. तिने त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बाकी सगळीकडे सांधे दोऱ्यासारखे बारीक होते. इथे, गोलाभोवती, सिमेंटची रेघ करंगळीएवढी जाड होती. एका ठिकाणी गोल जरा कमी पडला असावा. तिथे निळ्याचे दोन चिमुकले तुकडे खोचले होते, घाईने, वाकडे.

मावशी शेजारी येऊन उभी राहिली. बूट तिने हातात घेतले होते.

“चार दहाच का गं लावलं असेल?” बारकीने विचारलं.

“तुझी शाळा चारला सुटायची. दहा मिनिटं लागायची यायला.” मावशी म्हणाली, जणू हे कोणालाही ठाऊक असतं. मग तिने नुसत्या पायाने फरसबंदीवरचा खडा बाजूला सरकवला. “बत्तीस वर्षं टोमणे मारले मी तिला. एकदा तरी म्हणायचं ना, गप बस. आतल्या गाठीची नुसती. आणि तूही तिच्याच वळणाची.”

“चिडलीस?”

“चिडले तर. घरी चल, सांगते तुला.” मावशीने बूट तिच्या हातात दिले आणि आधारासाठी तिचा दंड धरला. “आधी तो मासा बघून घेऊ. तो तरी सरळ पोहतोय का, बघते.”